व्हिएतनाम युद्धाने अमेरिकन समाजात पाडलेली फूट आजही जाणवते का?

हो, जाणवते. मी २६ वर्षं उत्तर व्हर्जिनियात राहते. आले तेव्हा मला वाटायचं, अमेरिका हरली, ५८ हजारांवर सैनिक गेले, म्हणून हे दुखणं जात नाही. इथल्या लोकांशी बोलून माझं मत बदललं. हरण्याचा सल बराच ओसरलाय. कोणाचा मुलगा गेला आणि कोणाचा सुटला, हा हिशेब मात्र मिटलेला नाही.

तेव्हा सक्तीची लष्करभरती होती. पण कॉलेजात शिकणाऱ्याचं बोलावणं पुढे ढकललं जायचं, म्हणजे फी परवडणारा मुलगा तेवढी वर्षं निर्धास्त. ओळखीचा डॉक्टर असेल तर पाठीच्या दुखण्याचं सर्टिफिकेटही मिळायचं. भरतीच्या वयाचे सुमारे २ कोटी ७० लाख पुरुष होते. सक्तीने घेतले गेले साधारण २२ लाख. प्रत्यक्ष लढायला गेले ते बहुतेक कामगारांच्या, शेतकऱ्यांच्या, गरिबांच्या घरातले. ओरड वाढली तेव्हा १ डिसेंबर १९६९ला सोडत काढली. काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या कॅप्सूल, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेल्यांना सगळ्यात आधी बोलावणं. घरोघरी लोक टीव्हीसमोर बसून हे बघत होते.

आमच्या शेजारच्या आजोबांचा नंबर शंभराच्या आत आला. ते दुकानात कामाला होते. धाकटा भाऊ कॉलेजात होता आणि युद्धविरोधी मोर्चांना जायचा. आजोबा परत आल्यावर भावाने विचारलं, "तू गेलासच का?" त्यानंतर दोघं कित्येक वर्षं बोलले नाहीत. मला ते म्हणाले, "तो मोर्चात गेला याचा राग नव्हता. मला जणू पर्याय होता असं त्याने विचारलं, त्याचा राग आला."

१९७०चा मे महिना पाहिला की हे आणखी कळतं. ४ मेला ओहायोत केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) जवानांनी निदर्शक विद्यार्थ्यांवर १३ सेकंद गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी गेले. त्यातले दोघे तर निदर्शनातही नव्हते, नुसते तिथून जात होते. आणि नंतरच्या जनमत चाचणीत बहुतेकांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला! ८ मेला न्यूयॉर्कच्या महापौरांनी या मृत्यूंसाठी सिटी हॉलवरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला, तर बांधकाम कामगारांनी रस्त्यावर विद्यार्थ्यांना हेल्मेटने झोडपलं आणि झेंडा पुन्हा वर चढवायला लावला. त्यांच्यातल्या कित्येकांची मुलं, भाऊ, पुतणे त्या वेळी व्हिएतनाममध्ये होते. तेव्हाचे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ही दरी नेमकी हेरली. त्याच महिन्याच्या अखेरीस कामगार नेते व्हाइट हाउसमध्ये जाऊन त्यांना हेल्मेट भेट देऊन आले. १९७२च्या निवडणुकीत निक्सन ५० पैकी ४९ राज्यांत जिंकले. कामगार हा तोवर डेमोक्रॅटिक पक्षाचा हक्काचा मतदार मानला जायचा.

आज अमेरिकेत पदवीधर एका पक्षाकडे आणि बिनपदवीचे दुसऱ्याकडे, असं जे चित्र दिसतं, त्याची एक मुळी मला त्या मे महिन्यात दिसते. एकच कारण नाही हे, वंशभेदाचा प्रश्न होता, पुढे कारखाने बंद पडले. पण "शिकलेले लोक आपल्याला तुच्छ मानतात" ही भावना तेव्हा पक्की झाली, असं माझं ठाम मत आहे.

विश्वास गेला तो वेगळाच. १९६४मध्ये चारातले तीन अमेरिकन म्हणायचे की सरकार बहुतेक वेळा योग्यच करतं. १९७४पर्यंत असं म्हणणारे तिसऱ्या हिश्शावर आले. निक्सनना राजीनामा द्यायला लावणाऱ्या वॉटरगेट घोटाळ्याचा त्यात वाटा आहेच, पण सुरुवात युद्धाने केली. व्हिएतनामजवळच्या टॉन्किनच्या आखातात अमेरिकन युद्धनौकांवरच्या ज्या दुसऱ्या हल्ल्याचा दाखला देऊन संसदेकडून युद्धाचे अधिकार घेतले, तो हल्ला झालाच नव्हता. १९७१ला पेंटागॉन पेपर्स, म्हणजे संरक्षण खात्याचे युद्धाबद्दलचे गुप्त कागद, छापून आले आणि सरकार वर्षानुवर्षं लोकांना एक सांगत होतं आणि आतून दुसरंच मानत होतं, हे उघड झालं. तो विश्वास पुन्हा कधी तितका भरून आला नाही.

१९७३मध्ये सक्तीची भरती थांबली. मोर्चे शमले. यामुळे जखम भरली असं म्हणतात. मला वाटतं ती फक्त झाकली गेली. आता स्वेच्छेने जाणारे जातात, तेही बहुधा ठरावीक भागांतून आणि घरांतून. अफगाणिस्तानात २० वर्षं युद्ध चाललं आणि माझ्या ऑफिसात, आमच्या महाराष्ट्र मंडळात, त्याची झळ कोणालाच लागली नाही. भरतीसाठी नाव नोंदवणं मात्र १९८०पासून पुन्हा सक्तीचं आहे आणि ते ग्रीनकार्डवाल्या मुलांनाही लागू होतं. माझ्या मुलाने अठराव्या वर्षी तो अर्ज भरला तेव्हा माझा हात थरथरला होता.

वॉशिंग्टनला आलात तर व्हिएतनाम स्मारकाची भिंत जरूर बघा. माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा निवडला गेला तेव्हा "ही तर शरमेची काळी खूण" म्हणून केवढा गदारोळ झाला. तडजोड म्हणून १९८४मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवावा लागला. भिंतीवर हुद्दे नाहीत, नुसती नावं, मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने. युद्ध बरोबर की चूक, याबद्दल एक अक्षर नाही. काळ्या चकचकीत दगडात नावांवर आपलाच चेहरा दिसतो. शेजारच्या आजोबांना मी एकदा घेऊन गेले होते. त्यांनी एकाच नावावर बोट ठेवलं, पाचेक मिनिटं तसेच उभे राहिले आणि मग "चला" म्हणाले.

तुम्ही अमेरिकन समाजाबद्दल विचारलंत, तर व्हिएतनाममधून पळून आलेले लोकही आता याच समाजाचा भाग आहेत. आमच्या जवळ फॉल्स चर्चला ईडन सेंटर नावाचा त्यांचा बाजार आहे. तिथे अजून दक्षिण व्हिएतनामचा, म्हणजे अमेरिका ज्याच्या बाजूने लढली आणि जो १९७५ला बुडाला त्या देशाचा, पिवळा झेंडा फडकतो. १९९९मध्ये कॅलिफोर्नियात एका व्हिएतनामी दुकानदाराने उत्तर व्हिएतनामचा कम्युनिस्ट नेता हो चि मिन्हचा फोटो लावला, तर हजारो लोक जवळजवळ दोन महिने निदर्शनं करत होते. दक्षिणेची राजधानी सायगाव पडलं ती ३० एप्रिल तारीख व्हिएतनाममध्ये राष्ट्रीय सुट्टीची आहे, इथे तिला 'काळा एप्रिल' म्हणतात.

त्या बाजारात मी ज्या दुकानातून फणस आणि केळफूल आणते, तिथल्या बाईंचे वडील दक्षिणेच्या सैन्यात होते आणि सख्खे काका उत्तरेच्या. युद्धानंतर वडिलांनी छावणीत कैद भोगली. काही वर्षांपूर्वी काका वारले, तेव्हा बाईंनी अंत्यविधीला पैसे पाठवले. वडिलांना त्यांनी अजून ते सांगितलेलं नाही.