ओट्यावरच्या फडक्यात कमोडच्या बैठकीपेक्षा जास्त जंतू असतात हे खरे का? मग रोज सगळे घर जंतुनाशकाने पुसावे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांच्या बाबतीत ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे आहे. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी विद्यार्थी घरातल्या वस्तूंवरून निर्जंतुक बोळ्याने नमुने आणतात आणि आम्ही ते पोषक थर असलेल्या बशीत ३७ अंश सेल्सिअसला २४ तास वाढवतो. कमोडच्या बैठकीवरच्या किंवा दाराच्या कडीवरच्या जिवाणूंच्या वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे ठिपके, बहुधा मोजता येतात. फडक्याच्या बशीत मात्र त्या एकमेकींत मिसळून नुसता पांढुरका थर झालेला असतो.

याचे कारण ओल. बैठक गुळगुळीत असते आणि लवकर वाळते, तर फडके दिवसभर दमट राहते आणि त्यात अन्नाचे कण अडकलेले असतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तोच वेग टिकला तर एकाचे सात तासांत वीस लाखांवर जातात. जर्मनीतील संशोधकांनी २०१७ मध्ये वापरलेले स्पंज तपासले, तेव्हा काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये ५,००० कोटींहून अधिक जिवाणू आढळले.

मात्र यांतले बहुसंख्य निरुपद्रवी असतात, म्हणून नुसत्या संख्येने घाबरू नये; जंतू तोंडापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, ते पाहावे. कच्चे चिकन नळाखाली धुताना उडालेले शिंतोडे आपण फडक्याने पुसतो, त्याच फडक्याने विळी आणि ताटली पुसतो, आणि मग त्या विळीवर कोशिंबिरीची काकडी चिरतो. कच्च्या चिकनवर असू शकणारा, जुलाब घडवणारा साल्मोनेला हा जिवाणू रश्श्यात शिजून मरतो. काकडीवरचा तसाच पोटात जातो. माझ्या मते स्वयंपाकघरातली सर्वांत दुर्लक्षित वाट हीच आहे. माठात हात बुडवून पेला भरणे हीदेखील तशीच वाट आहे, आणि लांब दांड्याचे ओगराळे ती जवळजवळ बंद करते.

२०२० मध्ये प्रयोगशाळेत कोरोनाचा विषाणू प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत टिकलेला आढळला आणि आपण दुधाच्या पिशव्याही साबणाने धुतल्या. पुढे स्पष्ट झाले की त्याचा प्रसार मुख्यतः हवेतून होतो. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसचे मात्र तसे नाही. तो पृष्ठभागांवर अनेक दिवस टिकतो, त्याचे अगदी थोडे कण आजारासाठी पुरतात आणि सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. घरात असा रुग्ण असेल तर साबणाने वीस सेकंद हात धुणे आणि नळाच्या तोट्या, कड्या, फ्लशचे बटण सौम्य ब्लीचने पुसणे खरोखर आवश्यक असते.

एरवी मी सुचवेन ते असे: ओट्याचे आणि भांड्यांचे फडके वेगळे ठेवावे, दोन्ही रोज बदलावीत, वापरलेली दहा मिनिटे उकळून कडक उन्हात वाळवावीत. कच्च्या मांसाचे शिंतोडे कागदाने टिपून तो टाकून द्यावा. मुळात चिकन नळाखाली धुऊच नये, कारण जंतू धुण्याने नव्हे तर शिजवण्याने मरतात.

आणि ब्लीच वापरायचे झाल्यास त्यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.