कपोलकल्पित आणि काल्पनिक

प्रश्न : 'काल्पनिक' या अर्थाने 'कपोलकल्पित' हा शब्द सर्रास वापरता येईल का? कपोल म्हणजे गाल, मग त्याचा कल्पनेशी काय संबंध? शिवाय काही जण 'कपोकल्पित' असे लिहितात. ते चालेल का?

उत्तर : येथे गाल हा तोंडाच्या जागी आलेला आहे. ज्या गोष्टीला ना आधार, ना साक्षीदार, जी सांगणाऱ्याच्या तोंडातच जन्मली आणि तेथूनच बाहेर पडली, ती कपोलकल्पित. 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' ही आपली म्हण याच जातीची आहे.

'काल्पनिक' या शब्दात दोषारोप नाही. कादंबरीतील पात्रे काल्पनिक असतात आणि लेखक तसे आधीच सांगून टाकतो, त्यामुळे वाचकाची फसवणूक होत नाही. 'कपोलकल्पित' म्हणताना मात्र आपण सांगणाऱ्यावर ठपका ठेवतो : जे घडलेच नाही ते घडले म्हणून सांगितले जात आहे, असा त्याचा रोख असतो. म्हणूनच आरोप, किस्से, बातम्या, वंशावळी यांना हे विशेषण शोभते. एखाद्या चांगल्या कथेला ते लावले तर कथाकाराने रागवावे हे रास्तच होय.

'दंतकथा' आणखी निराळी. ती तोंडोतोंडी चालत आलेली असते, तिचा कर्ता सापडत नाही आणि तिच्या मुळाशी सत्याचा अंश असूही शकतो. न्यूटनच्या सफरचंदाचेच पाहा. बागेत फळ पडताना पाहून गुरुत्वाकर्षणाचा विचार सुचल्याचे खुद्द न्यूटनने सांगितले होते, असे त्याचा स्नेही विल्यम स्ट्यूकली याने 1752 मध्ये लिहिलेल्या चरित्रात नोंदवले आहे. तेव्हा तो सारा प्रसंगच कपोलकल्पित म्हणून झटकून टाकता येत नाही. ते फळ नेमके त्याच्या डोक्यावर आदळले, हा भाग मात्र खुशाल कपोलकल्पित म्हणावा, कारण स्ट्यूकलीच्या नोंदीत त्याचा मागमूस नाही. 'भाकडकथा' खरी की खोटी हा प्रश्न दुय्यम असतो; दूध न देणाऱ्या भाकड जनावरासारखी ती निष्फळ, एवढेच त्या शब्दाला सांगायचे असते.

'कपोकल्पित' हे रूप अशुद्ध आहे. घाईच्या उच्चारात पहिला 'ल' गळतो आणि तीच चूक लेखनात उतरते. काही जण तर 'कपाळकल्पित' असेही लिहितात. कल्पना डोक्यातून निघते, या समजुतीने कपाळ तेथे आले असावे, पण कपाळ हा शब्द 'कपाल' म्हणजे कवटी यावरून आलेला असून कपोलाशी त्याचे काही नाते नाही.