सह्या जपून ठेवा, आधी पोच घ्या (नाशिकचा अनुभव)

तुमची पोस्ट वाचून हसू की रडू कळेना. चर्चचा युवा गट आणि शेजारच्या मारुती मंदिराचं मंडळ, दोघांनी मिळून स्वच्छ ऊर्जेच्या कायद्यासाठी ८०० सह्या गोळा केल्यात, बॅनर छापून झालाय, आणि आता विचारताय की निवेदन द्यायचं कुणाला. अहो, डिट्टो आमची गोष्ट. आम्ही पंचवटीतलं भजनी मंडळ, सोबत नाशिकरोडच्या चर्चमधली चार-पाच उत्साही मंडळी, आणि सह्या ११४०. त्या सह्या आज कुठल्या कपाटात आहेत की रद्दीत गेल्या, देवालाच ठाऊक.

लेटरहेड, ठराव, अध्यक्ष-सचिव वगैरे तुम्हाला येतच असेल, ते सोडतो.

आमच्या देवळावर ५ किलोवॅटचं सोलर आहे. आता देवळाला वीज लागते कधी, तर पहाटे काकड्याला आणि संध्याकाळी हरिपाठाला. दुपारी देव आणि पुजारी दोघंही विश्रांतीला, पॅनल मात्र जोरात. नेट मीटरिंगमुळे दुपारची वीज संध्याकाळच्या वापरातून वजा होते म्हणून हे गणित बसतं. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणचा वीजदराचा प्रस्ताव राज्य वीज नियामक आयोगापुढे होता, त्यात दिवसाच्या ‘सौर तासां’चा मुद्दा आला आणि ही वजावट फक्त तेवढ्याच तासांपुरती राहणार अशी भीती सगळ्या सोलरवाल्यांत पसरली. आम्ही पेटलो. निवृत्तिनाथांच्या यात्रेला जानेवारीत त्र्यंबकला दिंड्या चालल्या होत्या, त्या थंडीत पखवाजावर कागद ठेवून सह्या घेतल्या, निम्म्या कागदांवर बुक्क्याची काळी बोटं उमटलेली.

आणि निवेदनात लिहिलं काय? ‘स्वच्छ ऊर्जेचा कडक कायदा करावा व पर्यावरण वाचवावे.’ बस. सौर तास नाहीत, वजावट नाही, आमचं एक युनिटसुद्धा नाही! जी गोष्ट आयोगाच्या दरआदेशात ठरणार होती तिच्यासाठी आम्ही कायदा मागत बसलो. पण खरी घोडचूक पुढची. टाळ वाजवत एका कार्यालयात गेलो (नाव घेत नाही, उगाच वाद नको), खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता ‘ठेवा तिथे’ म्हटलं आणि आम्ही ठेवलं. मूळ सह्यांचा गठ्ठा, लाल फडक्यात बांधलेला, झेरॉक्स न काढता. पोच मागायची राहिली कारण सगळे फोटो काढण्यात गुंग, त्यात मीच पुढे. तीन आठवड्यांनी गेलो तर आवक रजिस्टरला नोंदच नाही. मग म्हणे, ‘हा विषय आमच्याकडे येत नाही, वरच्या मजल्यावर विचारा.’ वरच्या मजल्यावर साहेब मीटिंगला. चार चकरा झाल्या, प्रत्येक वेळी पार्किंगचे पैसे वेगळे. तोवर आयोगाकडे हरकती द्यायची मुदत उलटून गेली, मार्चअखेर आदेशही आला आणि त्या सगळ्या प्रकरणात आमची एक ओळ नाही. ज्या म्हाताऱ्या माउलीने अंगठा दिला होता ती अजून विचारते, ‘काय झालं रे त्या कागदाचं?’

तेव्हा माझं ऐकाल तर (वकील नाही मी, पोस्टातून रिटायर झालेला माणूस आहे) आधी शोधा की तुमची मागणी नेमकी कायद्यातली, नियमातली, योजनेतली की वीजदरातली. कारण दार प्रत्येकाचं वेगळं. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झालीच आहे, ठरावीक मोठ्या ग्राहकांना बिगर-जीवाश्म (म्हणजे कोळसा, तेल, गॅस सोडून) ऊर्जेचा किमान वाटा वापरायला लावण्याचा अधिकार त्यातून केंद्राला मिळाला, म्हणजे ‘कायदा करा’ म्हणाल तर समोरचा म्हणेल, झालाय की, पुढे बोला. नवीन विधेयक येत असेल तर मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा असं केंद्राचं २०१४ चं धोरण आहे, ते पाळतातच असं नाही, पण मसुदा आला की त्याच दिवसांत, कलमाचा नंबर टाकून, आत्ता काय लिहिलंय आणि त्याऐवजी काय हवं असं एका पानात लिहा. अमेरिकेत धार्मिक संस्था कित्येक वर्षं या विषयाच्या मागे आहेत, आणि तिथल्या २०२२ च्या कायद्यात आयकर न भरणाऱ्या चर्चलाही सोलरच्या खर्चाच्या साधारण ३० टक्के रक्कम थेट मिळायची तरतूद होती. २०२५ मध्ये सवलतीच आवरत्या घेतल्या ते सोडा, पण मागणी अशी बोटावर मोजता येईल अशी हवी.

दुसरं, काहींना राग येईल, पण निवेदनात श्लोक आणि वचनं भरू नका. आमच्यातल्या एका फादरनी पोप फ्रान्सिस यांच्या पर्यावरणावरच्या २०१५ च्या परिपत्रकातला अख्खा उतारा घालायला लावला, आमच्या बुवांनी लगेच त्याच्या दुप्पट ज्ञानेश्वरी घातली. माणसं जमवायला ते ठीक आहे, पण आयोगाला बारा महिन्यांची बिलं लागतात.

देवळात किंवा चर्चमध्ये सभा घेणार असाल तर पक्षाचा झेंडा, नगरसेवकाचा फ्लेक्स काही नको. धार्मिक संस्थांच्या गैरवापराविरुद्ध १९८८ चा कायदा आहे, त्यात जागा राजकीय कामाला वापरली तर ट्रस्टी अडकतात. नेमकं कुठे काय बसतं ते वकिलालाच विचारा.

जाता जाता, बिलं गोळा करताय तर दर कुठला लागलाय तेही बघा. निव्वळ पूजा-प्रार्थनेच्या जागेला घरगुती दर असतो, सभागृह लग्नाला भाड्याने दिलं की तेवढ्याला व्यावसायिक. आमच्याकडे हे कुणी बघितलंच नव्हतं.

तुमच्या ८०० सह्या आजच्या आज स्कॅन करा. माझ्याकडे आमच्या दुसऱ्या वेळच्या निवेदनाची प्रत आहे, एकच पान, वर आवक शिक्का, नंबर, तारीख. हवी असेल तर मेसेज करा, नावं झाकून पाठवतो.