प्रश्नोत्तरे : रक्तपेशीत अडकवलेला धातू

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना शौचावाटे रक्त जात होते, दुर्बिणीच्या तपासणीत जागा सापडली नाही. तेव्हा त्यांचे थोडे रक्त काढून, त्यात किरणोत्सारी धातू मिसळून ते पुन्हा शिरेत टोचले. हा धातू पेशीत शिरतो कसा, आणि तिथे राहून पेशी खराब करत नाही का? – एक वाचक, सातारा

उत्तर : या तपासणीत सहसा टेक्नेशिअम-९९एम वापरतात. परटेक्नेटेट या ऋणभारित रूपातला हा धातू, क्लोराइड आणि बायकार्बोनेट ज्या वाटेने तांबड्या पेशीत ये-जा करतात, त्याच वाटेने आत शिरतो. पण तसाच बाहेरही पडतो. त्याला आत अडकवते ते कथील. काढलेल्या दोन-तीन मिलिलिटर रक्तात आधी कथिलाचा क्षार मायक्रोग्रॅमच्या मापात मिसळतात. तो पेशीत शिरतो आणि मागाहून येणाऱ्या टेक्नेशिअमला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे रूप पालटतो, त्यामुळे टेक्नेशिअम हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीला (या प्रथिनाच्या एका भागाला) चिकटून बसतो. पेशीबाहेर उरलेले कथील मात्र त्याआधी निकामी करावे लागते, नाहीतर टेक्नेशिअमचे रूपांतर दाराबाहेरच होते आणि मग त्याला आत जाता येत नाही. कुपी जोराने न हलवता हलकेच फिरवतात, कारण पेशी फुटल्या तर सगळी मेहनत वाया जाते. आणि रक्त परत टोचण्यापूर्वी रुग्णाचे नाव पुन्हा विचारतात, ते कंटाळवाणे वाटले तरी अत्यावश्यक आहे.

जुन्या पद्धतीतला क्रोमिअम-५१ हा किरणोत्सारी धातू याच वाटेने शिरतो, पण त्याचे रूप पालटायला वेगळे कथील लागत नाही. ते काम पेशी स्वतःच करते. त्याचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ) सुमारे २८ दिवस असल्यामुळे तांबड्या पेशी किती दिवस जगतात हे त्यावरून मोजत.

आता खराबीविषयी. तांबड्या पेशीत केंद्रक नसते, म्हणजे किरणांनी बिघडावा असा डीएनए तिच्यात नसतो, आणि टेक्नेशिअमचे गॅमा किरण बहुतांशी शरीराबाहेर निघून जातात. म्हणून तर बाहेरच्या कॅमेऱ्याला ते टिपता येतात. अर्धायुष्य ६ तासांचे, तेव्हा २४ तासांनी सोळावा हिस्साच उरतो. पांढऱ्या पेशींचे मात्र तसे नाही. दडलेला जंतुसंसर्ग शोधण्यासाठी त्यांत इंडिअम-१११ भरतात, तेव्हा केंद्रक असलेल्या लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना किरणांचा त्रास खरोखरच होतो, आणि त्यामुळे मात्रा जपून ठरवावी लागते.