टेंपरेचर चढायची वाट बघत बसू नका!

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात बेसल टेंपरेचरचा, म्हणजे झोपेतून उठल्याबरोबर अंथरुणातच घेतलेल्या टेंपरेचरचा, नुसता उल्लेख केला होता तर त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय. बाकीच्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, माझं वय २९, लग्नाला दोन वर्षं झाली आणि आता आम्हाला बाळ हवंय. चार महिने झाले, रोज सकाळी डोळे उघडले की आधी टेंपरेचर घेते, वहीत लिहिते, चार्ट पण काढते. चार्ट छान येतो, म्हणजे आधी खाली मग वर. टेंपरेचर वर गेलं की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ट्राय करतो, बाकीचे दिवस मुद्दाम थांबतो म्हणजे स्पर्म काउंट चांगला राहील. तरी दर महिन्याला पाळी येतेच. माझ्यात काही दोष आहे का? मागच्या महिन्याचे आकडे देतेय. पाळी सुरू झाल्यापासूनच्या अकराव्या दिवसापासून ३६.३८, ३६.४१, ३६.३५, ३६.३३, ३६.४०, ३६.३६, मग सतराव्या दिवशी एकदम ३६.६२, पुढे ३६.६६, ३६.७१ आणि मग वरच राहिलं. तिसाव्या दिवशी पाळी.

उत्तर : अगं, तुझ्या आकड्यांत मला तरी कसलाच दोष दिसत नाही, उलट इतका स्वच्छ चार्ट क्वचित बघायला मिळतो. घोळ झालाय तो दिवस निवडण्यात, आणि हा घोळ खूप जणी करतात कारण "टेंपरेचर वाढलं की ओव्हुलेशन" एवढंच अर्धं वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं.

आत काय होतं ते सांगते. अंडाशयातून अंडं बाहेर पडतं (यालाच ओव्हुलेशन म्हणतात), मागे जी रिकामी पिशवी उरते तिचं कॉर्पस ल्युटियम बनतं आणि ते प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडायला लागतं. हे प्रोजेस्टेरॉन रक्तातून मेंदूत हायपोथॅलॅमसपर्यंत जातं, अंगाचं तापमान सांभाळणारा भाग तिथेच असतो, आणि मग टेंपरेचर साधारण ०.२ ते ०.५ डिग्री सेल्सियस वर सरकतं. म्हणजे आधी अंडं बाहेर, मग प्रोजेस्टेरॉन आणि त्यानंतर टेंपरेचर. थर्मामीटरवर आकडा चढलेला दिसतो तोपर्यंत अंडं बाहेर पडून एखादा दिवस उलटलेला असतो, कधी दोन. आणि अंडं जगतं किती, तर फार फार तर १२ ते २४ तास! मग तू सतराव्या-अठराव्या दिवशी ट्राय करतेस तेव्हा बहुतेक ती वेळ टळून गेलेली असते.

आता शुक्राणूंचं बघ. ओव्हुलेशनच्या आधीचे दोन-चार दिवस जो पातळ ओला स्राव असतो त्यात ते पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून ते आधीच जाऊन थांबलेले असणं जास्त कामाचं, अंडं येईल तेव्हा ते तिथे हजर पाहिजेत. १९९५ मध्ये विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळ हवं असलेल्या २२१ बायकांच्या रोजच्या लघवीतले हार्मोन तपासून अभ्यास केला होता, त्यात ज्यांना दिवस राहिले त्यांचा संबंध ओव्हुलेशनचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस अशा सहाच दिवसांत आलेला होता. ओव्हुलेशननंतरच्या दिवसांत आलेल्या संबंधांतून दिवस राहिल्याचं त्यात दिसलं नाही.

हेच तुझ्या आकड्यांवर लावून बघू. चार्ट वाचायचा जुना नियम असा, की लागोपाठ तीन आकडे आधीच्या सहाही आकड्यांपेक्षा वर पाहिजेत आणि तिसरा आकडा त्या सहांतल्या सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा निदान ०.२ ने वर. तुझे अकरा ते सोळा हे सहा दिवस, त्यातला सगळ्यात मोठा ३६.४१. सतरा, अठरा, एकोणीस तिन्ही त्याच्या वर आणि एकोणिसावा ३६.७१, म्हणजे ०.३० ने वर. नियम बसला. ओव्हुलेशन सोळाव्या दिवशी किंवा त्याच्या आसपास झालं असणार. म्हणजे तुमचे कामाचे दिवस होते साधारण अकरा ते सोळा, आणि नेमके तेच दिवस तुम्ही मुद्दाम थांबून घालवले गं, याचंच मला वाईट वाटलं.

थांबून काउंट वाढतो हे पण अर्धंच खरं. फार दिवस थांबलं की आकडा थोडा वाढतो पण जुन्या शुक्राणूंची हालचाल मंदावते, त्यामुळे हाती काही लागत नाही. पाळी संपली की एक-दोन दिवसांआड संबंध ठेवा, दिवस मोजत बसू नका, असं केलं की ते सहा दिवस आपोआप धरले जातात. त्यातल्या त्यात जास्त लक्ष द्यायचं असेल तर स्राव बघ. सुरुवातीला कोरडं किंवा चिकट असतं, मग पातळ, पारदर्शक, बोटांत धरून ताणला तर तार निघेल असा, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा. हे दिसायला लागलं की कामाचे दिवस आले म्हणून समज, आणि हे टेंपरेचरच्या आधी कळतं हेच त्याचं मोल.

मग चार्टचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण मागे वळून बघायला. ओव्हुलेशन होतंय, साधारण कितव्या दिवशी होतंय, त्यानंतर पाळीपर्यंत पुरेसे दिवस मिळतायत का (तुझे सोळाव्यानंतर तेरा दिवस भरतात, अगदी छान), एवढं तो सांगतो. दोन-तीन महिन्यांत ते कळतं आणि तुझे तर चार महिने झालेत, म्हणून मी म्हणेन आता थर्मामीटर ठेवून दे. रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर "आज किती" याच विचाराने दिवस सुरू करायचा आणि नवऱ्याला आकडा बघून बोलवायचं, यात दोघांची जी दमछाक होते ती मी ओपीडीत रोज बघते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने सुद्धा २०१३ च्या गाइडलाइनमध्ये ओव्हुलेशन झालं की नाही हे ठरवायला टेंपरेचरचे चार्ट वापरू नका असंच म्हटलंय, दर दोन-तीन दिवसांनी संबंध हाच त्यांचाही सल्ला.

आणि हे चार महिने चुकीच्या दिवशी गेलेत, त्यामुळे ते हिशोबात धरूच नकोस. पस्तिशीच्या आत असताना नीट वर्षभर प्रयत्न करून झालं नाही तर तपासण्या करायच्या, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी. फोलिक ॲसिड मात्र आजपासून सुरू कर, रोज ४०० मायक्रोग्रॅम, काहींना जास्त डोस लागतो तेवढं डॉक्टरांना विचारून घे.

प्रश्न : मी हॉस्पिटलमध्ये नाइट ड्युटी करते, आठवड्याला शिफ्ट बदलते. टेंपरेचर कधी घ्यायचं तेच कळत नाही. घरात तापाचा थर्मामीटर आणि कपाळाला लावायची गन दोन्ही आहेत, कुठलं चालेल?

उत्तर : गन बाजूला ठेवा. ती ताप आहे की नाही बघायला ठीक, इथे आपल्याला दोन-तीन दशांशांचा फरक पकडायचाय आणि कपाळाचं टेंपरेचर पंखा, घाम, पांघरूण कशानेही हलतं. दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या, जिभेखाली धरायचा, तोंड बंद, बीप होईपर्यंत. उशाशीच ठेवा, कारण उठून कपाटातून आणला तरी फरक पडतो. पाणी नाही, बोलणं नाही, आधी टेंपरेचर. रोज एकाच ठिकाणी, आज जिभेखाली उद्या काखेत असं नको.

शिफ्टचं म्हणाल तर घड्याळाला महत्त्व नाही, सलग झोपेला आहे. निदान तीन-चार तास सलग झोप झाल्यावर, मग ती दुपारी का असेना, उठताना घ्यायचं. पण खरं सांगू का, दर आठवड्याला शिफ्ट बदलत असेल तर चार्ट वेडावाकडा येणारच आणि तुम्ही उगाच घाबरणार. ताप, सर्दी, दारू, जागरण, प्रवास यातल्या कशानेही आकडा बिघडतो, तो दिवस गोल करून बाजूला काढायचा असतो, आणि तुमचे तर अर्धे दिवस गोलातच जातील. त्यापेक्षा स्राव बघा आणि जोडीला लघवीवरचं ओव्हुलेशन किट वापरा. ते एलएच हार्मोनची, म्हणजे अंडं बाहेर पडायच्या आधी वाढणाऱ्या हार्मोनची, उसळी पकडतं, पॉझिटिव्ह आल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत अंडं बाहेर पडतं, म्हणजे हे आधी सांगणारं साधन आहे. किट पॉझिटिव्ह आलं की तो दिवस आणि दुसरा दिवस सोडू नका.

प्रश्न : बायकोला पीसीओएस (हार्मोन बिघडून ओव्हुलेशन अनियमित होण्याचा त्रास) आहे. पाळी कधी ४० दिवसांनी तर कधी ६० दिवसांनी येते. तिच्या मोबाइलमधलं ॲप दर वेळी चौदाव्या दिवशी ओव्हुलेशन दाखवतं, किट पाच-सहा दिवस पॉझिटिव्हच येतं आणि टेंपरेचरचा चार्ट सरळ रेषेत आहे. नक्की कशावर विश्वास ठेवायचा? ती फार खचलीये.

उत्तर : सध्या तिन्हीवर नको. नुसत्या तारखा भरल्या असतील तर ॲप गणितच करतं, तिच्या अंडाशयात काय चाललंय ते त्याला काय माहीत! पाळी साठ दिवसांनी येत असेल तर ओव्हुलेशन पंचेचाळिसाव्या दिवशीही होऊ शकतं, कारण लांबतो तो मुख्यतः ओव्हुलेशनच्या आधीचा काळ, नंतरचे बारा-चौदा दिवस त्या मानाने ठरलेले असतात. किटचं म्हणाल तर पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं एलएच मुळातच वर असतं म्हणून ते उगाच पॉझिटिव्ह दाखवत राहतं. आणि सरळ रेषेतला चार्ट बघून ओव्हुलेशन झालंच नाही असं छातीठोक म्हणता येत नाही, काही जणींना ओव्हुलेशन होऊनही टेंपरेचरमध्ये चढ दिसत नाही. क्वचित उलटं पण होतं, चढ दिसतो आणि अंडं बाहेर पडलेलंच नसतं.

तेव्हा घरी अंदाज बांधत बसण्यात वेळ घालवू नका, वर्षभर थांबायचा नियम तुमच्यासाठी नाही, पाळी एवढी अनियमित असेल तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. ते सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, वाढतंय का बघतील, पुढची पाळी अपेक्षित असते त्याच्या साधारण सात दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन बघतात पण तिच्या बाबतीत तो दिवस धरणं अवघड, कदाचित पुन्हा पुन्हा करावं लागेल. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या रक्ततपासण्या पण करून घ्या. ओव्हुलेशन घडवून आणायच्या गोळ्या आहेत, लेट्रोझोल पीसीओएसमध्ये आता सहसा पहिली दिली जाते, आणि त्याने पुष्कळ जणींना दिवस राहतात, हे तिला नक्की सांगा.

आणि तुम्ही स्वतः पत्र लिहिलंत याचं मला मनापासून बरं वाटलं, म्हणून हक्काने सांगते, पहिल्याच भेटीत तुमची सीमेन टेस्ट, म्हणजे वीर्याची तपासणी, पण करून घ्या. साधी टेस्ट आहे. बायकोच्या महिनोन् महिने तपासण्या आणि नवऱ्याची एकही नाही, असं अजूनही चालतं आणि ते अजिबात बरोबर नाही. मूल राहत नसलेल्या जोडप्यांत तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जोडप्यांत पुरुषाकडचंही काहीतरी कारण निघतं. ती खचलीये म्हणता ना, तिच्याबरोबर तुमचीही तपासणी झाली की तिचा अर्धा भार तिथेच उतरेल.

प्रश्न : आम्हाला इतक्यात मूल नकोय आणि गोळ्या पण नकोत. टेंपरेचर बघून सेफ दिवस काढले तर चालेल का?

उत्तर : एकट्या टेंपरेचरवर नको. चढ दिसून तीन दिवस झाल्यानंतरचे दिवस त्यातल्या त्यात सुरक्षित, पण त्याच्या आधीचे दिवस कुठले सुरक्षित हे टेंपरेचर सांगूच शकत नाही, ते तर पुढचं दाखवतच नाही. स्राव आणि टेंपरेचर दोन्ही मिळून नियमाने पाळणारी पद्धत आहे, ती नीट शिकवणाऱ्याकडून शिकून काटेकोर पाळली तर चांगली चालते, पण रोजच्या धबडग्यात पाळणं सैल झालं की दिवस राहायचं प्रमाण बरंच वाढतं. दिवस राहिले तर अजिबात परवडणार नाही अशी परिस्थिती असेल तर कंडोम किंवा कॉपर टी बघा. कॉपर टीत हार्मोन नसतात.

प्रश्न : टेंपरेचर वर जाऊन आज सोळावा दिवस, अजून खाली आलं नाही, पाळी पण नाही. गुड न्यूज समजू का?

उत्तर : पाळी यायची असली की प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि त्याच्याबरोबर टेंपरेचर पण, ते वरच राहिलंय म्हणजे आशा धरायला हरकत नाही. अठरा दिवस सलग वर राहिलं तर बहुतेक वेळा दिवस राहिलेले असतात. पण आता चार्टकडे कशाला बघताय, सकाळच्या पहिल्या लघवीवर प्रेग्नन्सी टेस्ट करा ना. निगेटिव्ह आली आणि पाळी आली नाही तर दोन-तीन दिवसांनी परत करा. पॉझिटिव्ह आली तर डॉक्टरांची वेळ घ्या, आणि मध्येच एका बाजूला पोटात जोरात दुखलं, चक्कर आली किंवा रक्त गेलं तर ठरलेल्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी जा.