अनोळखी खाती आणि दरमहा नवा पासवर्ड

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाने डीस्पेसवर, म्हणजे डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरवर, प्रबंध, जुन्या प्रश्नपत्रिका आणि कॉलेजचे वार्षिकांक ठेवले आहेत. परवा खात्यांची यादी उघडली तर साडेतीनशे नावं! ओळखीची जेमतेम चाळीस. मी घाबरलेच. प्राचार्य म्हणतात, सगळ्यांना दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावा. काय करू?
— एक ग्रंथपाल, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी घोटभर पाणी प्या. डीस्पेसमध्ये नुसतं खातं उघडून कुणाला काही चढवता येत नाही. त्यासाठी त्या संग्रहाच्या ‘सबमिटर’ म्हणजे जमा करणाऱ्यांच्या गटात असावं लागतं. मात्र त्या गटात कुणी सोयीसाठी ‘अनॉनिमस’ हा सगळ्यांना सामावणारा गट घालून ठेवलाय का, ते आजच बघा. घातला असेल, तर खातं काढणारा कुणीही तिथे काहीही जमा करू शकतो.

मग सर्व्हरवरची ‘लोकल डॉट सीएफजी’ ही सेटिंगची फाइल उघडा. ‘यूजर डॉट रजिस्ट्रेशन’ फॉल्स केलं की बाहेरून नोंदणी बंद. चाळीस माणसांच्या कॉलेजात मी हेच करेन; नवा प्राध्यापक आला की खातं तुम्हीच काढून द्यायचं. नोंदणी चालू ठेवायचीच असेल, तर पासवर्ड-लॉगिनच्या सेटिंगमध्ये ‘डोमेन डॉट व्हॅलिड’ भरा. ते रिकामं असलं की कुठलाही ईमेल चालतो, तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. भरताना कॉलेजच्या डोमेनआधी ‘अ‍ॅट’चं चिन्ह विसरू नका. तपासणी फक्त पत्त्याच्या शेपटाची होते, त्यामुळे चिन्ह नसेल तर तुमच्या डोमेनच्या आधी चार अक्षरं जोडलेलं भलतंच डोमेनही आत येतं. बदलानंतर टॉमकॅट (डीस्पेस ज्यावर चालतं तो प्रोग्राम) रीस्टार्ट करा.

अनोळखी खाती खोडा. ज्या खात्यावरून काही जमा झालंय ते जुन्या डीस्पेसमध्ये सहज खोडता येत नाही. त्याची ‘लॉग इन करू शकतो’ ही खूण काढली तरी पुरे.

आता प्राचार्यांचं. दरमहा बदलाचा हट्ट मी एका कॉलेजात पाहिलाय. तिसऱ्या महिन्यात देवघेवीच्या टेबलावर, काचेखाली, चिठ्ठी : कॉलेजचं नाव आणि पुढे महिन्याचा आकडा. वाचायला चष्मासुद्धा लागला नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शिकेत सांगितलंय की, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना मुदतीने बदलायला लावू नका. नव्या डीस्पेसमध्ये पासवर्डसाठी रेजेक्स नमुना (पासवर्ड कसा असावा हे सांगणारं सूत्र) देता येतो. त्यात किमान बारा अक्षरं एवढीच अट घाला. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह मागितलं की सगळे ‘अ‍ॅट १२३’ वरच येतात.

आणि एखादे सर ‘माझा पासवर्ड काय होता?’ विचारत आले, तर तो तुम्हालाही दिसत नाही हे खुशाल सांगा. डीस्पेस तो सॉल्ट घालून हॅश करून ठेवतं, म्हणजे जादा अक्षरं मिसळून असा बदलतं की मूळ पासवर्ड परत वाचता येत नाही. सरांना ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक दाखवा. फक्त त्याआधी सर्व्हरवरून मेल जातो का, ते स्वतःच्या पत्त्यावर एकदा पाठवून बघा.