कच्च्या तेलाचे दर वाढले की आर्थिक मंदी येते का?

येऊ शकते, पण सहसा एकट्या तेलामुळे नाही. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, काही महिन्यांत बॅरलचा दर 3 डॉलरवरून 12 च्या आसपास गेला आणि अमेरिका मंदीत गेली. उलट 2011 ते 2014 मध्ये दर बराच काळ 100 डॉलरच्या वर होता, तरी जागतिक मंदी आली नाही. म्हणजे दर किती, यापेक्षा तो किती झपाट्याने चढला हे जास्त महत्त्वाचं.

आपल्या बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली फाउंड्री, म्हणजे धातू ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवणारा कारखाना, बघा. डिझेल महागलं की कास्टिंग पाठवायचं भाडं वाढतं, पण ऑर्डरचा दर आधीच ठरलेला. मालक पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद करतो, मग नवं मशीन पुढे ढकलतो. तिकडे कामगाराचा पगार पेट्रोल-गॅसमध्येच जातो, मग गणपतीची खरेदी आखडती. हे सगळीकडे एकदम झालं की मागणी बसते. त्यात महागाई आवरायला रिझर्व्ह बँकेने व्याज वाढवलं तर कर्जाचे हप्तेही चढतात. माझ्या मते मोठा घाव तिथंच बसतो.

भारत 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, त्यामुळे तेलासाठी लागणाऱ्या डॉलरची चणचण वेगळीच. 1990 च्या आखाती संकटात तेल महागलं आणि 1991 मध्ये देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं; अर्थात तिजोरी आधीच खिळखिळी होती.